‘आश्वासक’ या विशेषणाविरुद्ध

मराठीत पहिल्या पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. मधल्या चार परिच्छेदांत परीक्षकाने काहीही म्हटलेले असो, शेवटच्या परिच्छेदात ‘आश्वासक’ हा शब्द येतोच. कवी आश्वासक, कथाकार आश्वासक, त्याची प्रतिमासृष्टी आश्वासक. त्याच्या मागोमाग ‘पुढील लेखनाविषयीच्या अपेक्षा उंचावणारा’ हे शेपूट. पुस्तक न वाचताही हे वाक्य लिहिता येते आणि पुष्कळदा ते तसेच लिहिलेले असते. आता हा शब्द क्रीडापानांवर रुळला आहे. विसाव्या वर्षी संघात आलेला फलंदाज, सतराव्या वर्षी शिबिरात घेतलेला फुटबॉलपटू, जिल्ह्याच्या संघात निवडला गेलेला चढाईपटू, सगळे आश्वासक. आणि सहा महिन्यांनी त्याच मुलांविषयी त्याच माणसांना ‘काळजी’ वाटू लागते. प्रगती खुंटली आहे का? डोक्यात हवा गेली का? आणखी एक वाया जाणार का?

या लेखात उदाहरणे खेळाडूंची आहेत, पण भांडण त्या विशेषणाशी आहे. ते विशेषण साहित्याच्या शिक्षकांनी आणि समीक्षकांनी, म्हणजे आपणच, पाळूनपोसून मोठे केले. त्यामुळे हे भांडण घरातलेच समजावे.

शब्दाकडे नीट पाहिले तर त्यातला उफराटा व्यवहार लगेच दिसतो. आश्वासक म्हणजे आश्वासन देणारा, धीर देणारा. म्हणजे जो नवा आहे, ज्याला स्वतःलाच धीराची गरज आहे, त्याने आपल्याला धीर द्यायचा! पंधरा वर्षांच्या मुलाने चाळिशीतल्या प्रेक्षकाला सांगायचे की चिंता नको, मराठी मुलगा पुन्हा भारतीय संघात दिसेल. तेवीस वर्षांच्या कवीने निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाला सांगायचे की मराठी कवितेचे बरे चालले आहे. आणि हे न मागितलेले आश्वासन पुढे पुरे झाले नाही की आश्वासनभंगाचा ठपका त्याच्यावरच. त्याने कधी, कोणाला शब्द दिला होता, हे विचारायचे नाही.

याच अर्थाच्या परिसरात मराठीत दुसरा एक शब्द होता आणि तो कितीतरी प्रामाणिक होता: उमेदवार. निवडणुकीने तो पळवला, पण जुन्या पिढीत कचेरीत, छापखान्यात, गॅरेजात ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पगार न घेता किंवा नाममात्र पगारावर काम शिकणे. शब्द फारसीतून आला आणि त्यातली उमेद उमेदवाराची स्वतःची आहे. ती बाळगायची की सोडायची हे त्याने ठरवायचे. ‘उमेदवार’ ते ‘आश्वासक’ या प्रवासात शिकणाऱ्याची आशा त्याच्याकडून काढून घेऊन बघणाऱ्याच्या नावावर चढवली गेली आहे. शब्दार्थाच्या इतिहासात रस असणाऱ्या विद्यार्थ्यांनी या फेरफाराकडे लक्ष द्यावे.

‘काळजी’चेही तसेच. मराठीत काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’. क्रियापद बदलले की अर्थ पूर्ण फिरतो. काळजी घेणाऱ्याला उठून काहीतरी करावे लागते. पाणी द्यावे लागते, पहाटेच्या गाडीला सोडायला जावे लागते, पैसे भरावे लागतात. काळजी करणाऱ्याला बसल्या जागी सगळे जमते. चाहत्यांची म्हणून जी काळजी सांगितली जाते ती झाडून सगळी दुसऱ्या जातीची असते, आणि तरी ती पहिल्या जातीचा मान मागते.

हे लिहितो आहे ते कर्जत तालुक्यातल्या कळंबमध्ये बसून. भातकापणी झाली की इकडे खाचरे सपाट करून त्यांवर टेनिसच्या चेंडूचे सामने सुरू होतात. कबड्डी तर वर्षभर आहेच. या पट्ट्यातला एखादा मुलगा जिल्ह्याच्या सराव शिबिराला निवडला गेला की चार दिवसांत नाक्यावरच्या बोलण्याचा एक विशिष्ट प्रकार सुरू होतो. मॅटवर पाय घसरतोय म्हणे. बूट घालून खेळायची सवय नाही म्हणे. चढाईला पाठवतच नाहीत, कोपऱ्यात उभा करतात म्हणे. वजन वाढलंय म्हणे. वाक्यागणिक येणाऱ्या या ‘म्हणे’कडे व्याकरणाच्या नजरेने पाहावे. बोलणाऱ्यांपैकी कोणीही शिबिर पाहिलेले नसते. मातीवर अनवाणी खेळलेल्या मुलाला मॅटवर बूट घालून खेळताना पहिले काही आठवडे अडखळल्यासारखे होते, हे शिबिरातल्या प्रशिक्षकाला ठाऊक असते. किंबहुना शिबिर असते ते त्यासाठीच. पण नाक्यावर ते अडखळणे म्हणजे निकाल असतो. जो मुलगा गेला नाही त्याच्याविषयी कोणाला काळजी नसते, हेही जाता जाता नोंदवायला हवे. शिबिराच्या यादीत नाव आले की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो.

नाटकवाल्यांना तालमीला प्रेक्षक बसवू नयेत हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तालमीत नट चुकतो, पाठांतर अडखळते, दिग्दर्शक एकच प्रवेश दहा वेळा करून घेतो आणि अकराव्या वेळी तो बदलून टाकतो. तालमीचे परीक्षण कोणी वर्तमानपत्रात छापले तर आपण त्याला अडाणी म्हणू. गंमत अशी की कोल्हापूरच्या फुटबॉलने हा शब्दच आपल्या संघांच्या नावांत ठेवला आहे: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींतून आणि पेठांच्या मंडळांतून तिथला फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवरची गर्दी आणि पेठापेठांतली ईर्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षक नाही हे विधान हास्यास्पद वाटेल.

त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळला. भारत यजमान होता म्हणूनच पात्र ठरला होता. एकवीस मुलांच्या त्या संघामागे कित्येक महिन्यांची शिबिरे होती आणि स्पर्धेच्या वर्षातच मुख्य प्रशिक्षक बदलला गेला. निकाल असे लागले: अमेरिकेविरुद्ध ०–३, कोलंबियाविरुद्ध १–२, घानाविरुद्ध ०–४. या तीन सामन्यांना भारतीय फुटबॉलची ‘पहाट’ म्हणण्याची अहमहमिका लागली होती. अनिकेत त्यानंतर इंडियन ॲरोजमधून आय-लीग खेळला, पुढे जमशेदपूर आणि हैदराबाद या संघांतून आयएसएल खेळला. कोल्हापुरातल्या एका मुलाने व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून उपजीविका करणे ही साधी गोष्ट आहे काय? आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी मराठीची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांपैकी किती जण लेखनावर जगतात ते मोजून पाहावे. पण ‘त्या एकवीस मुलांचे पुढे काय झाले’ हा प्रश्न जेव्हा विचारला जातो तेव्हा त्याचा सूर चौकशीचा नसतो, वसुलीचा असतो.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. ते आमच्याच लोहमार्गावरचे आहे.

४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणमध्ये भंडारी चषक या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. वय पंधरा. वडील रिक्षाचालक. पहिल्या दिवसअखेर तो नाबाद ६५२ होता, म्हणजे ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम पहिल्याच दिवशी मोडला होता. १२९ चौकार, ५९ षटकार. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले.

हे आकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने संहितेसारखे वाचावेत अशी माझी विनंती आहे, कारण त्या आठवड्यात ते कोणीच तसे वाचले नाहीत. १००९ पैकी ८७० धावा चौकार-षटकारांच्या आहेत. एका बाजूची सीमारेषा फारच जवळ होती. परीक्षांमुळे समोरच्या शाळेचे मुख्य खेळाडू आले नव्हते आणि लहान मुले गोलंदाजी करत होती, हे तेव्हाच्या वृत्तांतांतच आले होते. ३१ आणि ५२ या दोन संख्या तर स्वतःच बोलतात. याचा अर्थ खेळी खोटी होती असा मुळीच नाही. साडेसहा तास उन्हात उभे राहून एकाग्रता न ढळू देणे, थकल्यावरही खराब चेंडूला शिक्षा करत राहणे, हे पंधराव्या वर्षी ज्याला जमले त्याच्यात काहीतरी आहेच. पण ते ‘काहीतरी’ नेमके काय आहे आणि काय अजून तपासलेले नाही, हे सांगणे म्हणजे समीक्षा. चांगल्या गोलंदाजीसमोर तो कसा खेळतो हे या सामन्यावरून कळण्याचा मार्गच नव्हता. एवढे एक वाक्य त्या वेळी ठळकपणे लिहिले गेले असते तर मुलावर फार उपकार झाले असते.

लिहिले गेले ते वेगळेच. दूरचित्रवाणीच्या गाड्या कल्याणला लागल्या. सचिन तेंडुलकरने बॅट भेट दिली. राज्य सरकारने शिक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च उचलण्याची घोषणा केली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर चांगलीच आहे. सगळ्या मिळून मात्र पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर एक भलेमोठे कर्ज चढले आणि त्याच्या दारात ‘आश्वासक’ अशी पाटी लागली.

वसुली चारपाच महिन्यांतच सुरू झाली. मे २०१६ च्या अखेरीस पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकरची निवड झाली, प्रणवची झाली नाही. मग मोबाइलमोबाइलवरून एकलव्य आणि द्रोणाचार्य फिरू लागले. रिक्षाचालकाचा मुलगा, थोराचा मुलगा, कापलेला अंगठा. वस्तुस्थिती एवढीच होती की विभागाचा संघ राज्यांच्या संघांतून खेळलेल्या मुलांमधून निवडला जातो आणि प्रणव त्या मोसमात मुंबईच्या सोळा वर्षांखालील संघात नव्हताच. खुद्द त्याच्या वडिलांनी हे स्पष्ट केले, दोघे मुलगे मित्र आहेत हेही सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. कथा वस्तुस्थितीपेक्षा जुनी आणि जास्त बळकट होती.

जातीवर्गाच्या अन्यायाचा प्रश्न आपल्या खेळांत नाही असे कोणी समजू नये. तो आहे, आणि मैदानाच्या भाड्यापासून किटच्या किमतीपर्यंत सगळीकडे आहे. माझा आक्षेप त्या प्रश्नाला नाही, त्याच्या आळशी मिथकीकरणाला आहे. एकलव्याच्या कथेत एकलव्याचे काम काय? अंगठा देणे. त्याने पुढे आणखी सराव केला, डाव्या हाताने धनुष्य धरायला शिकला, एखादा मोसम वाईट गेला, पुढचा बरा गेला, याला त्या कथेत जागा नाही. ज्या दिवशी प्रणवला एकलव्य म्हटले गेले त्या दिवशी त्याच्या हितचिंतकांनी त्याची गोष्ट संपवून टाकली. मुलगा तेव्हा सोळाचा. मिथकसमीक्षेच्या तासाला आपण हे शिकवतो की मिथक व्यक्तीला गिळते. वर्गाबाहेर आपणच ताट वाढून देतो.

महाभारतातच या प्रकाराचे अधिक नेमके चित्र आहे आणि ते कोणाला आठवले नाही. राजपुत्रांचे शिक्षण संपल्यावर द्रोण रंगभूमीवर त्यांचे प्रदर्शन मांडतो. प्रेक्षागार बांधले जाते, नगरजन लोटतात. अर्जुनाचे कौशल्य पाहून जयघोष चालू असताना कर्ण येतो आणि तेच सगळे करून दाखवतो. लगेच प्रेक्षकांत दोन तट पडतात. कोणाचा बाण कुठे लागला हा मुद्दा मागे पडतो. कृप कुळ विचारतो, दुर्योधन राज्य देऊन टाकतो, भीम हिणवतो. शिकाऊ तरुणाचे जाहीर प्रदर्शन झाले की पाहणाऱ्यांचे हिशेब कसे वर येतात, याचे इतके स्वच्छ वर्णन दुसरीकडे मिळणार नाही. त्या प्रसंगात कर्णाची ‘काळजी’ असणारे पुष्कळ आहेत. ज्या एका स्त्रीला खरोखर होती ती मूर्च्छित पडते आणि गप्प राहते.

प्रणवचे पुढचे वर्ष कसे गेले? डिसेंबर २०१६ मध्ये कल्याणच्या सुभाष मैदानावर एका केंद्रीय मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी हेलिपॅडची तयारी चालली असता तिथे सराव करणाऱ्या प्रणवने हरकत घेतली आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. माझ्या मते अकरा महिन्यांपूर्वीच्या विक्रमापेक्षा ही बातमी महाराष्ट्रातल्या खेळाविषयी जास्त सांगते. सगळ्या राज्याला ज्याच्या प्रगतीची काळजी होती त्याला सरावासाठी जे मैदान होते तेही पाहुण्याच्या सोयीसाठी हातचे जात होते. ‘तंत्रात दोष आहे’, ‘मोठ्या गोलंदाजीसमोर टिकणार नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी किती जण त्या मैदानासाठी बोलले? काळजी करणे आणि काळजी घेणे यांतला जो फरक वर सांगितला त्याचा हा मासला.

मुंबईच्या शालेय क्रिकेटने मोठ्या आकड्यांची सवयच लावून ठेवली आहे. १९८८ च्या आझाद मैदानावरच्या ६६४ धावांच्या भागीदारीतला विनोद कांबळी (नाबाद ३४९) हा तर जिवंतपणीच वाक्प्रचार झाला: ‘कांबळी होऊ नकोस.’ सतरा कसोटींत ५४ ची सरासरी असलेल्या फलंदाजाची शेवटची कसोटी तो तेवीस वर्षांचा असताना झाली, यात निवडकर्त्यांनाही काही विचारता आले असते. आपण ते विचारले नाही, बोधकथा घेतली. त्यानंतर रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेचे तीन मुलगे पाहा. २००९ मध्ये सर्फराज खान ४३९, २०१० मध्ये अरमान जाफर ४९८, २०१३ मध्ये पृथ्वी शॉ ५४६. शॉने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच १३४ केल्या, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला तो ० आणि ४ वर बाद झाला. त्यानंतर त्याला कसोटी मिळालेली नाही. २०२४ मध्ये तंदुरुस्तीच्या कारणावरून मुंबईच्या रणजी संघातून वगळला गेला, २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे गेला. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, त्याने आसामविरुद्ध रणजी सामन्यात ३७९ धावा केल्या होत्या. पण ज्यांचे ‘वाया गेला’ हे वाक्य लिहून तयार होते त्यांना ती खेळी अडचणीची वाटली असावी. सर्फराजच्या पोटाच्या घेराविषयी जितके लिहिले गेले तितके त्याच्या स्वीपविषयी लिहिले गेले नाही. त्याला पहिली कसोटी फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाली, तीही राजकोटलाच, सव्विसाव्या वर्षी, आणि त्याने ६२ व नाबाद ६८ धावा केल्या. या दोघांपैकी कोण आश्वासक होता? २०१८ मध्ये हा प्रश्न विचारला असता तर सगळ्यांनी एकच उत्तर दिले असते.

शॉने काही चुका केल्याच नाहीत असे माझे म्हणणे नाही. बॅट आणि पॅड यांच्यातली फट ॲडलेडला सगळ्या जगाने पाहिली आणि ती दाखवून देणे हे समालोचकाचे कामच आहे. तो खेळीविषयीचा निर्णय आहे. तो दुरुस्त करता येतो, खोडता येतो, पुढच्या खेळीने खोटा पडू शकतो. ‘याचे काही खरे नाही’ हे भाकीत आहे. समीक्षा झालेल्या कृतीविषयी बोलते, भाकीत न झालेल्या आयुष्याविषयी. आपण दोन्हींना ‘परखड’ हे एकच नाव देऊन टाकतो.

साहित्यात याहून वेगळे काय चालते? भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची, ‘बिढार’ १९७५ ची. मध्ये बारा वर्षे. आजच्या चालीने त्या बारा वर्षांत त्यांच्या प्रगतीविषयी किती परिसंवाद झाले असते याची कल्पना करावी. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. कवी तेव्हा तेवीस वर्षांचा. त्यानंतरच्या प्रत्येक संग्रहाला ‘गोलपिठा’चे माप लावण्याची जी खोड आपल्या वर्गांतून दिसते ती त्या संग्रहांच्या वाचनातून आलेली नाही, न वाचण्यातून आलेली आहे. अरुण कोलटकरांचा तर पहिला मराठी संग्रहच १९७७ मध्ये आला, पंचेचाळिसाव्या वर्षी. आणि पुढची मोठी मराठी पुस्तके थेट आयुष्याच्या अखेरीस, २००३–०४ च्या सुमारास. मधल्या पाव शतकात कोलटकर ‘खुंटले’ होते काय? त्यांच्या सुदैवाने त्यांनी कोणालाही आपल्या शिबिरात डोकावू दिले नाही.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान मिळवून आलेली पहिली पुस्तके आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कपाटे भरून आहेत. अनुदान ही चांगली योजना आहे. निदान तिथे कोणीतरी काळजी ‘घेतली’ आहे. पण त्यातल्या किती पुस्तकांचे खरे वाचन झाले? प्रकाशन समारंभ होतो, तिथे कवी आश्वासक ठरतो, छायाचित्र निघते. पाच वर्षांनी चर्चासत्रात त्याच पिढीविषयी निबंध वाचला जातो की या कवींच्या जाणिवा विकसित झाल्या नाहीत. पहिल्या वेळी कविता वाचली नव्हती, दुसऱ्या वेळीही नाही. कल्याणच्या मैदानावर जे झाले ते हेच. अवाजवी कौतुक आणि नंतरची काळजी यांना आपण परस्परविरोधी समजतो, पण न वाचण्याच्या एकाच सवयीची ती आधीची आणि नंतरची रूपे आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. प्रेक्षकाने काळजी करू नये म्हणजे त्याने गुंतूच नये काय? तो तिकीट काढतो, रात्री जागतो, हरल्यावर जेवत नाही. त्या जिव्हाळ्यावरच खेळ उभा आहे. अलिप्त रसिक हा सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात शोभतो, मैदानावर नाही. हे मला मान्य आहे. शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस माझ्या टीकेचा विषय नाही. तो समोरच्या खेळावर ओरडतो, खेळाडू चुकला की शिव्याही देतो आणि पुढच्या पासला टाळ्या वाजवतो. त्याचा राग नव्वद मिनिटांचा असतो. माझा रोख आहे तो पाहिल्याविना मत देणाऱ्या, सदैव चिंतातुर, सभ्य भाषेत बोलणाऱ्या हितचिंतकावर. तो प्रत्येक नवोदिताकडे गुंतवणूकदाराच्या नजरेने पाहतो आणि भाव उतरला की नैतिक बोलू लागतो. हा माणूस मैदानापेक्षा आपल्या विभागांच्या स्टाफरूममध्ये अधिक भेटतो.

दुसरा आक्षेप असा की अशा देखरेखीमुळेच गुणवान मुले मार्गावर राहतात. याला पुरावा काय? देखरेख ठेवायला जवळ असावे लागते. प्रशिक्षक, आईवडील, संघातले मोठे खेळाडू यांची देखरेख ही काळजी घेण्यातली. शेकडो मैलांवरून केलेल्या देखरेखीचा मुलावर एकच परिणाम होऊ शकतो: तो आपल्या खेळाकडे बाहेरून पाहू लागतो. पहिल्या पुस्तकानंतर स्वतःच्याच परीक्षणांना उत्तर म्हणून लिहिलेली दुसरी पुस्तके ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

कॉलिन्सची गोष्ट इथे सांगायला हवी. क्लिफ्टन महाविद्यालयाच्या मैदानावर तेराव्या वर्षी नाबाद ६२८ करणारा हा मुलगा पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. सैन्यात अभियंता झाला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईपरच्या लढाईत मारला गेला. एकशे सोळा वर्षे त्याचे नाव विक्रमांच्या पुस्तकात राहिले ते एका खेळीमुळे. ती खेळी पुढच्या कशाची नांदी म्हणून मोठी नव्हती. ती झाली म्हणून मोठी होती. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकर आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी कधी मिळाली नाही. कोल्हापूरचा हा फलंदाज २०१२ मध्ये गेला तेव्हाही मृत्युलेखांचा रोख त्या नऊ धावांवर आणि न मिळालेल्या कसोटीवर होता. झालेल्या ४४३ मधला एखादा फटका कसा होता हे कुठेतरी वाचायला मिळावे म्हणून मी बराच शोध घेतला; फारसे हाती लागले नाही. मराठीत न झालेल्या गोष्टींविषयी लिहिण्याची हातोटी मोठी आहे.

प्रणव धनावडेकडे परत येऊन थांबतो. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली. मुलाची कामगिरी सध्या तशी होत नाही, ती होऊ लागली की पाहू, असा त्याचा आशय बातम्यांतून आला. महिन्याचे १० हजार रुपये रिक्षावर घर चालवणाऱ्या माणसाने परत केले. त्यात मुलाविषयी निराशा नाही आणि कोणावर आरोपही नाही. झालेली कामगिरी आणि न झालेली कामगिरी यांच्यात त्या पत्राने रेघ ओढली आणि पुढचे मोकळे ठेवले. त्या दीड वर्षात या मुलाविषयी जे काही छापून आले त्यात मूल्यमापन म्हणता येईल असा मजकूर मला हाच एक दिसतो. उपयोजित समीक्षेच्या तासाला नमुना म्हणून आपण दरवर्षी तीच चार परीक्षणे वाटतो. त्यांच्यासोबत या पत्राची बातमी आणि त्या सामन्याचा धावफलक वाटावा. अभ्यासमंडळाची परवानगी त्याला लागत नाही.